उरलेला रोट

१

राघो कानांपेक्षा डोळ्यांनीच जास्त ऐकायचा. त्यात नवल काही नव्हतं. सुरतेला कतारगामच्या कारखान्यात दहा-बारा वर्षं साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, काढली की माणसाचे कान गेलेच म्हणून समजा. ओळीनं लावलेले माग एकदम धडधडायला लागले, की शेजारचा माणूस बोंबलला तरी समजत नाही. मग कारागीर एकमेकांचे ओठ वाचायला शिकतात. धोटा अडकला, शेठ आला, विडी आहे का, सगळा कारभार ओठांवर. राघो तर त्यात इतका पटाईत, की शेडच्या त्या टोकाला कुणी त्याची टवाळी केली तर हा या टोकाहून शिवी परत करायचा.

रात्रपाळी संपवून सकाळी घरी यायचं, मायच्या हातची भाकर खायची, कानांत कापूस घालायचा, आतून कडी लावायची आणि दिवेलागणीपर्यंत झोपायचं, असा त्याचा नेम होता. कडी कशाला, तर चाळीतली पोरं चेंडू शोधत सरळ अंगावरून जायची. आणि कापूस कशाला, तर कानांत मागाची घरघर कायमची बसलेली. कापूस घातला की ती निदान एका जागी गप बसते, अशी त्याची समजूत.

"आधीच बहिरा, वर त्याले कापूस!" सखुबाई, म्हणजे त्याची माय, हसायची.

बायको रंजना बाळंतपणाला शहाद्याकडे माहेरी गेली होती. जाताना तिनं बजावलं होतं, "मी येस तवलोंग घरमा देव एक ठेवा नही तं दोन ठेवा, पन भांडन नको."

भांडण होतंच. दोन वर्षांपूर्वी राघो दारूत पार बुडाला होता. त्यातून त्याला काढला तो गोपालब्रदरनं. हा गोपाल नंदुरबारकडचा, एकेकाळचा मागवालाच, आणि पिण्यात राघोचाही बाप. प्रभू भेटला आणि सुटली, असं तो सांगायचा. बंद पडलेल्या एका शेडमध्ये त्यानं प्रार्थनाघर थाटलं होतं. राघो तिथं गेला, रडला, तापीत बाप्तिस्मा घेतला आणि खरोखरच सुटला. ते उपकार तो विसरणाऱ्यांतला नव्हता.

पण दारूच्या जागी एक भीती येऊन बसली. ब्रदर सांगे, प्रभू अचानक येईल. दोघं साच्यावर उभे असतील, एक उचलला जाईल, दुसरा तसाच राहील. ज्यांनी नाव घेतलं नाही त्यांना आग, कधीही न विझणारी. जुन्या देवांकडे मागं वळून पाहू नका. मागं पाहिलं की गेलात.

राघो हे ऐके आणि त्याला चुलीपुढं बसलेली माय दिसे. जाळाच्या उजेडात भाकर थापणारी. घास त्याच्या घशाखाली उतरत नसे.

२

प्रार्थनाघरात सगळे एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायचे. हात वर, डोळे मिटलेले, कुणी रडतंय, कुणी थरथरतंय. पत्र्याखाली तो आवाज असा घुमे की राघोला कारखान्यातच उभं असल्यासारखं वाटे. आणि कारखान्यात उभं राहिलं की त्याचे डोळे आपोआप ओठांवर जात. सवयीचा गुलाम माणूस, करणार काय?

एका रविवारी त्यानं असेच डोळे उघडले आणि त्याची नजर गोपालब्रदरच्या तोंडावर गेली. ब्रदरचे हात वर होते, कपाळावर घाम होता. पण ओठांवर प्रभूचं नाव नव्हतं. ओठ भराभर एकच गोष्ट म्हणत होते, आणि तीही घरच्या अहिराणीत.

"कोनी नही. तठे कोनी नही. कोनी नही."

तिथं कुणी नाही? देवच नाही, असं म्हणतोय का हा? ज्याच्या शब्दावर आपण घरदार तोडलं, तोच आतून पोकळ? मग त्यानं स्वतःला दटावलं. इथं शेडसारखा उजेड नाही. चुकलं असेल आपलं वाचायला. लोक काय बोलतात ते उलगडणं वेगळं आणि देवाशी काय बोलतात ते वेगळं.

पुढच्या रविवारी मात्र तो टपून बसला. गलका टिपेला पोचला आणि ब्रदरचे ओठ पुन्हा तेच म्हणू लागले. या खेपेला राघोला आणखी एक दिसलं. ब्रदरचे डोळे मिटलेले नव्हते. ते सताड उघडे होते, आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मागच्या भिंतीकडे, डाव्या कोपऱ्याकडे लागलेले होते.

राघोनं वळून पाहिलं. कोपऱ्यात एक चटई अंथरलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं. आता त्याला आठवलं, शेड कितीही भरली, माणसं दारात उभी राहिली, तरी त्या चटईवर कधी कुणी बसत नसे. बसू नका असं कुणी सांगितलेलं नव्हतं. माणसं तिथवर जात आणि दुसरीकडे वळत.

ब्रदर देव नाकारत नव्हता. तो स्वतःची समजूत घालत होता.

हे लक्षात आलं तेव्हा राघोला आधीचीच शंका बरी होती असं वाटलं.

३

त्याच श्रावणात घरात रोटावरून बिनसलं होतं. खानदेशी माणसाला कानबाईचा रोट काय ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी इतकंच, की कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मुठीनं मोजून घ्यायचा, त्याचा रोट करायचा आणि भाऊबंदांनी मिळून संपवायचा. उरवायचा नाही. आणि परक्याच्या तोंडी कण जाऊ द्यायचा नाही, मग तो परका दारात उपाशी का उभा असेना. सुरतेत सगळं सोडलेली माणसंही रोट सोडत नाहीत.

राघोनं या वर्षी सोडला. "मी खाणार नाही," त्यानं सांगितलं. "ते सैतानाचं आहे."

सखुबाई लिंबायतला चुलतदिराकडे एकटीच गेली. तिथं तिनं राघोच्या नावाची मूठ घातलीच, आणि त्याच्या वाट्याचा तुकडा फडक्यात बांधून आणला. तो तिला खाता येईना, कुणाला देता येईना आणि टाकता तर मुळीच येईना. उरलेला रोट घरात ठेवणं म्हणजे कोप ओढवून घेणं. पण तिनं तो वाळवला आणि पितळी डब्यात घालून फळीवर ठेवला.

"कोनाकरता ठेवस?" राघोनं चिडून विचारलं.

"ज्याना शे, तो खाई," ती म्हणाली.

राघोच्या मनात आलं, तो डबा तापीत भिरकावून द्यावा. ब्रदरनं तेच सांगितलं होतं. एकदा त्यानं डबा उचललाही. पण मायनं त्यावर गेरूनं एक वाकडंतिकडं फूल काढलं होतं. ते पाहून त्यानं तो परत फळीवर ठेवला, आणि नंतर पाळीभर स्वतःला भेकड म्हणत राहिला.

४

गणपती बोळवून झाले आणि कुठल्याशा तापाची कुजबुज सुरू झाली. त्या दिवशी राघो सकाळी पाळीवरून परतला तो रस्ताभर माणसं तोंडाला रुमाल, पंचे, पदर, मिळेल ते बांधून फिरत होती. दोघा-तिघांनी त्याला अडवून काहीतरी सांगितलं. हातवारे केले. पण तोंडं झाकलेली! फडक्याआड ओठ हलत होते आणि राघोला एक अक्षर कळत नव्हतं. गटारं तुंबली, वास मारतोय म्हणत असतील, असं समजून त्यानं मान डोलावली. घरी माय नव्हती. चक्कीवर गेली असेल. भाकर झाकलेली होती. त्यानं खाल्ली, कापूस घातला, कडी लावली आणि आडवा झाला.

जाग आली ती संध्याकाळी, आणि ती आवाजानं नव्हे. भिंतीला पाठ लागली की पलीकडच्या कारखान्याची थरथर हाडांत यायची. ती नव्हती. इतक्या वर्षांत ती भिंत पहिल्यांदाच गप होती.

राघोनं कडी काढली. दार उघडलं आणि तो थबकला. दाराच्या बाहेरच्या बाजूला पिठानं माखलेल्या हातांचे ठसे उमटले होते, खालपासून कडीपर्यंत, एकावर एक. हात लहान होते, मायचे.

"माय!"

चाळीत कुणी नव्हतं. म्हणजे गेले, बाहेर पडले, असं नव्हतं. नव्हतेच. एका खोलीत स्टोव्ह जळत होता आणि वरच्या पातेल्यात डाळीचा कोळसा झाला होता. नळ वाहत होता. कुणाची तरी वेणीफणी अर्धी राहिली असावी, उंबऱ्यावर फणी आणि तेलाची वाटी होती. झोळी रिकामी लोंबत होती. रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा, आणि मधोमध एक कुत्रं बसलेलं.

कुठलाही दुसरा माणूस म्हणाला असता, पळाले वाटतं सगळे. गोपालब्रदरच्या प्रार्थनाघरात दोन वर्षं बसलेला माणूस तसं म्हणू शकत नव्हता. राघो मटकन ओट्यावर बसला.

झालं. प्रभू येऊन गेला. आपण झोपलो होतो.

मग त्याला मायचे हात आठवले आणि आणखी एक विचार आला, पहिल्याहून भयंकर. माय का नाही? तिनं तर नाव घेतलं नव्हतं. कोपऱ्यातला तो मटकेवाला का नाही? घराघरातली देवळी आणि उदबत्तीवाली माणसं का नाहीत? सगळे उचलले गेले. सगळी चाळ, सट्टेवाल्यासकट. आणि राहिला तो एकटा राघो, ज्यानं आईच्या हातचा रोट नाकारला.

त्याला हसू आलं आणि त्या हसण्याचीच भीती वाटली. तो उठला आणि प्रार्थनाघराकडे धावत सुटला.

५

दारापुढं चपलांचा ढीग होता. बायकांच्या, पुरुषांच्या, लहान पोरांच्या. आत प्रार्थना चालू असावी तशा सगळ्या बाहेर काढलेल्या. आतून आवाज नव्हता.

राघो त्या ढिगापुढं उभा राहिला. इथूनच नेले असणार, अनवाणी. मग एका बाजूला त्याला मायच्या वहाणा दिसल्या. एकीचा अंगठा सुतळीनं बांधलेला होता. तो त्यानंच बांधून दिला होता.

त्यानं दार ढकललं. पत्र्याच्या फटींतून शेवटचा उजेड येत होता. शेड रिकामी, चटया विस्कटलेल्या, मागचं दार उघडं. आणि डाव्या कोपऱ्यात, कुणी कधी बसत नसे त्या चटईच्या अलीकडे, सखुबाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर पितळी डबा होता.

"उना का रे भो?" ती म्हणाली. "किती झोपस!"

राघो लहान पोरासारखा तिच्या अंगावर पडला. रडताना त्याला कळलं की ती श्वास घेताना एक हात बरगडीवर दाबून धरते आहे.

हळूहळू, थांबत थांबत, तिनं सांगितलं. प्लेग आल्याची आवई उठली होती. सकाळपासून माणसं मिळेल त्या ट्रकनं, रिक्षानं, पायी पळत होती. तिनं दार बडवलं, हाका मारल्या, बहिरा लेक काही उठेना. त्याला सोडून जायचं तर नव्हतंच. दार फोडायला चार गडी मिळतील म्हणून ती इथं आली. घरातलं म्हणावं असा तोच एक डबा तिच्याजवळ होता, लेक फेकून देईल या धाकानं सकाळी चक्कीवर जाताना सोबत नेलेला. इथं सगळे जोरजोरात प्रार्थना करत होते. ब्रदरपर्यंत पोचायला ती गर्दीत शिरली आणि तिला ठसका लागला. पिठाचा ठसका, दुसरं काही नाही. कुणीतरी किंचाळलं. आणि स्वर्गात जोडीनं जाणारी ती सगळी मंडळी मागच्या दारानं एकमेकांना तुडवत पळाली. ती मध्ये सापडली.

"ब्रदरबी?"

"तो तं सगयास्ना पुढे," सखुबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "घाबरी गया बिचारा."

"आनि तू एकटी बठनी आठे? इतला येळ?"

"एकटी कसाले? तो व्हता ना."

"कोन?"

तिनं बाजूच्या चटईकडे हनुवटी उडवली. "मांगे बठेल व्हता तो. समदा पयनात, तो नही पयना. त्यानी माले उठाडं, आठे टेकाडं. काहीच बोलना नही. मी इचारं, जेवना का रे बाबा? त्यानी मान हालाई, नही."

राघोनं डब्याकडे पाहिलं. डबा उघडा होता आणि आतून पुसल्यासारखा स्वच्छ होता.

"माय, तू रोट दिधा? परक्याले?"

सखुबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की काय खुळ्यासारखं विचारतोस. जन्मभर तिनं हा नेम जपलेला. सख्ख्या जावयालाही तिनं कधी कण दिला नव्हता.

"परका नही वाटना," ती म्हणाली. "आपला घरनाच वाटना. खडखडीत व्हता रोट, तरी हाऊ हाऊ समदा खादा त्यानी. किती रोजना भुक्या व्हता काय मालूम."

राघोनं हात लांब करून ती चटई चाचपली. मधोमध ती दबलेली होती. आणि सुरतेच्या त्या दमट संध्याकाळी, रिकाम्या शेडमध्ये, ती अजून कोमट होती.

त्यानं मायला पाठीवर घेतलं आणि मागं न पाहता घर गाठलं.

६

गल्लीतला दवाखाना बंद होता. दुसराही बंद. मायला प्लेग नव्हता, ताप नव्हता. आत काहीतरी मोडलं होतं. राघो तिला चमच्यानं पाणी पाजत बसला आणि बाहेर ते शहर रिकामं पडून राहिलं.

चाळीत आणखी एकच माणूस उरला होता. बळीराम, परभणीकडचा, भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, ढकलणारा म्हातारा. तो येऊन उंबऱ्याबाहेर बसायचा. "म्या कुठं जाऊ बा?" तो म्हणे. "गावाकडं बी मरण हाय आन हितं बी. हितं निदान भेंडी हाय."

दुसऱ्या दिवशी सखुबाईचे डोळे खोल गेले. आणि राघोची ती भीती, जिला तो दोन वर्षं पोसत होता, त्याच्या छातीवर येऊन बसली. वेळ थोडा आहे. प्रभूच्या नावाचे चार शब्द आहेत. ते तिनं म्हटले तर ती सुटेल, नाही म्हटले तर आग. ब्रदरनं शंभरदा सांगितलं होतं. त्यानं तिचा हात धरला, तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याच्या ओठांवर नुसतं आलेलं तिनंही वाचलं असावं. मागवाल्याची आई होती ती.

"तुना देवनं नाव लेऊ का?" ती म्हणाली. "तुले बरं वाटत व्हई ते लेस मी. माले काय?"

राघोनं तिच्याकडे पाहिलं. जी आपल्या लेकाला बरं वाटावं म्हणून मरतानाही दुसऱ्या देवाचं नाव घ्यायला तयार आहे, तिला जाळणारा तो कोण? आणि तो तसा असेल, तर त्याच्या घरी जाऊन आपण काय करणार? हे विचार त्याच्या मनात शब्दांनी आले नाहीत. फक्त आतली एक गाठ सुटली आणि त्याला रडू फुटलं.

"ऱ्हाऊ दे माय," तो म्हणाला. "तू पानी पी."

तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले, राघोच्या खांद्यावरून मागं कुठंतरी पाहिलं आणि ओळखीचं माणूस दारात आल्यावर हसावं तशी हसली. राघोनं वळून पाहिलं नाही. त्याची हिंमत झाली नाही. पुन्हा तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती गेलेली होती.

७

तिरडीला चार खांदे लागतात. सुरतेत त्या दिवशी चार माणसं गोळा करणं म्हणजे वाळूतून तेल काढणं होतं. राघो होता, बळीराम होता. गल्लीत पावडर मारायला आलेला म्युनिसिपालटीचा एक माणूस, मगनभाई, त्यानं पाहिलं आणि पाठीवरचा पंप खाली ठेवला. "चालो भाई, हूं छूं ने," तो म्हणाला. "एम केम मुकी देवाय?" मी आहे ना, असं कसं सोडून द्यायचं, असं त्याचं म्हणणं.

तीन झाले. बळीराम म्हणाला, "तुमी दोघं म्होरं व्हा. माघं म्या दोन्ही बांबू धरतो. म्हतारी हलकी हाय." मडकं घेऊन पुढं चालायला वेगळं माणूस नव्हतं. राघोनं ते एका हातात धरलं आणि उजव्या खांद्यावर तिरडी घेतली.

निघाले. बळीरामाचं वय पाहता मागची बाजू कलणार, वाटेत दहादा थांबावं लागणार, असा राघोचा हिशेब होता. तिरडी कलली नाही. एकदाही नाही. ती पाण्यावरून जावी तशी सपाट चालली. कारागिराचा खांदा वजन ओळखतो. डाव्या मागच्या कोपऱ्याला आधार होता. पक्का, उंचीला बरोबर.

मागं पाहायचं नाही, असं मायच्या धर्मातही सांगतात आणि ब्रदरही सांगायचा. राघो तापीकडे चालत राहिला.

अग्नी द्यायची वेळ आली. ज्या आगीच्या भीतीनं त्यानं मायचा घास नाकारला, ती आग शेवटी त्यालाच लावायची होती. लाकडं पेटली. जाळ तिच्या तोंडापर्यंत आला. राघो पाहत राहिला. ती चुलीपुढच्यासारखीच दिसली.

परतताना फाटकाशी बळीरामानं धाप टाकत विचारलं, "तो गडी माघंच ऱ्हायला का? त्याच्यामुळं निभलं बगा. माझ्यानं काय उचलत नव्हतं. कोन, भाऊबंद का तुमचा? तोंडवळा लई तुमच्यावानी."

राघो एकुलता एक होता.

मागं पाहू नये. पाहिलं की गेलात. त्यानं आयुष्यभराच्या सगळ्या धाकांसकट मान वळवली.

चितेच्या डाव्या बाजूला, घरातलं माणूस बसतं तसा, कुणीतरी उकिडवा बसला होता. मध्ये धूर होता. चेहरा दिसला नाही. फक्त जबडा सावकाश हलत होता. तो काही बोलत होता की काही चावत होता, ते जन्मभर ओठ वाचलेल्या राघोला वाचता आलं नाही.

८

माणसं परत आली. कारखाने सुरू झाले, भिंत पुन्हा थरथरू लागली. प्रार्थनाघरात मात्र फार थोडे आले. एकमेकांच्या तोंडाकडे पाहायची लाज वाटत असावी.

गोपालब्रदर एका दुपारी राघोकडे आला. दाढी वाढलेली, खांदे पडलेले. उंबऱ्यातच बसला आणि सखुबाईचं नाव काढून ढसाढसा रडला. राघोनं त्याला पाणी दिलं. हात धरून दारूतून बाहेर काढणारा हाच होता, आणि मायला तुडवून पळणाराही हाच. दोन्ही खरं होतं. कुठलंच खोडता येत नव्हतं.

"राघो," शेवटी तो म्हणाला, "त्या कोपराम्हा... तुले काही दिसनं?"

"मायले दिसनं."

"मंग? काय करं तिनी?"

"जेवना का, असं इचारं."

गोपालनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्या हातांआड त्याचे ओठ काय म्हणत होते ते राघोनं पाहायचा प्रयत्न केला नाही.

रंजना पोरीला घेऊन परत आली. पुढच्या श्रावणात राघो लिंबायतला गेला. चुलत्यानं त्याच्या नावाची मूठ घातली. राघोनं पुढं होऊन आणखी एक मूठ घातली.

"हाई कोनी?" चुलत्यानं विचारलं. "तुले तं पोरगी व्हयनी."

"घरमा एक जन शे," राघो म्हणाला. त्याचा आवाज इतका साधा होता की चुलत्याला पुढं विचारणं जमलं नाही.

राघोनं प्रभूचं नाव सोडलं नव्हतं. फक्त तो आता ते ओरडून घेत नसे. रविवारी पाळी नसली की तो त्या शेडमध्ये जायचा आणि मागच्या चटईच्या अलीकडे, कानांत कापूस घालून, गुपचूप बसायचा. कधी गोपाल यायचा, तोही गप बसायचा. भीती गेली होती असं नाही. पण आता ती घरातल्या वडीलधाऱ्याची वाटावी तशी होती, पळून जावंसं न वाटणारी.

श्रावणातल्या त्या रविवारी त्यानं लिंबायतहून आणलेला रोटाचा तुकडा फडक्यातून काढून चटईवर ठेवला आणि डोळे मिटले. काही वेळानं उघडले तर तुकडा नव्हता. उंदरानं नेला असेल, त्याच्या मनानं लगेच सांगितलं. पण प्लेगनंतर सुरतेत उंदीर औषधालाही उरला नाही, असं म्युनिसिपालटी छातीठोकपणे सांगत होती.

राघोनं कानांतला कापूस काढला. इतक्या वर्षांची ती घरघर थांबलेली होती. आणि त्या शांततेत, अगदी डाव्या हाताशी, कुणीतरी वाळलेलं काहीतरी सावकाश चावत होतं.

राघोनं तिकडे पाहिलं नाही. तो थोडा सरकला आणि शेजारी बसणाऱ्याला ऐसपैस जागा करून दिली.